दोन हिरव्या खुणा

वही पुढे केली की तिचा डावा तळहात आधी उत्तरावर पडायचा. गणित कसलंही असो, साधा गुणाकार असो की टाकीचं घनफळ, उत्तर बरोबर आलंय की चूक हे तिला बघायचंच नसायचं. तळहात घट्ट दाबून, चष्म्याच्या वरून आपल्याकडे बघत ती म्हणायची, "उत्तर नको. ताळा दाखव."

ताळा केलेला नसला की वही मिटून परत. शून्य. हाताखालचं उत्तर शंभर टक्के बरोबर असलं तरी शून्य. आणि उत्तर चुकलेलं, पण ताळा करून "जुळत नाही" असं खाली प्रामाणिकपणे लिहिलेलं असलं, तर अर्धे मार्क! आता तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय?

अशी एखादी तुम्हीही पाहिली असेल. प्रत्येक शाळेच्या नशिबी एक असतेच. आमच्या नशिबी ही आली. शाळेत सगळ्या तिला "बाई" म्हणायच्या, "त्या आल्या, त्या गेल्या" म्हणायच्या. तोंडावर मीही म्हणायचे. मनात मात्र पहिल्या दिवसापासून "ती"च होती, आणि आता मी काही सुधारणार नाही.

शाळा पंचवटीतली, मुलींची. आम्ही मखमलाबादच्या माळ्याच्या पोरी. अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, फुलशेती होती. पहाटे झेंडू-शेवंतीची पोती बाजारात जायची आणि त्यामागून आम्ही दोघी बहिणी चालत शाळेत. ताई नववीत, मी सातवीत. सातवीपासून पुढच्या सगळ्या वर्गांचं गणित हिच्याकडे. ठेंगणी, कोरडी, पदर कमरेला खोचलेला, उजव्या कानामागे लाल पेन्सिल आणि डाव्या कानामागे हिरवी. आणीबाणीचं वर्ष होतं. सगळीकडे शिस्त आली म्हणून लोक बोलायचे. आम्ही पोरी म्हणायचो, आमच्याकडे ती आधीपासूनच आहे.

खोडरबर तिच्या वर्गात आणायचाच नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि वर बरोबर आकडा लिहायचा. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. एकीनं रबर लावून कागद पांढराशुभ्र केला, तर हिनं ते पान टरकन फाडलं. "चूक लपवलीस तर ती परत येते," म्हणाली. पोरगी दिवसभर मुसमुसत होती.

गणितं झाली की वह्यांची अदलाबदल. शेजारणीची वही आपण तपासायची, हिरव्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची आणि खाली स्वतःचा पट क्रमांक घालायचा. मग ती बघायची. आणि चूक निघाली तर उभी कोण राहायची? गणित चुकवलेली नव्हे, तपासणारी! "चुकणारीला माफी आहे, तपासणारीला नाही," हे तिचं ब्रीद. माझ्या शेजारच्या सुमननं एकदा मैत्रिणीची वही म्हणून न तपासताच खूण ठोकली. तीन तास भिंतीकडे तोंड करून उभी होती बिचारी, आणि चुकवणारी मैत्रीण आरामात बसून शेंगा खात होती. त्या दोघींची मैत्री तुटली ती तुटलीच. वर्गात कुणी कुणाची राहिली नाही. मी तेव्हापासून म्हणायचे, ही बाई गणित नाही शिकवत, भांडणं शिकवते.

एकदा शिक्षण खात्याचे कुणी साहेब तपासणीला आले. ऐटीत फळ्यावर एक भलामोठा गुणाकार केला, वर्गाला विचारलं, "बरोबर आहे की नाही?" आम्ही कोरसमध्ये "हो साहेब!" ही मागून उठली, फळ्यापाशी गेली आणि साहेबांच्या उत्तरावर तळहात ठेवून म्हणाली, "ताळा?" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खडूनं पांढरा झालेला तळहात घेऊन ती दिवसभर शाळेत हिंडत होती. त्या दिवशी मात्र मी खूप हसले. खोटं कशाला बोलू?

अशोक स्तंभाजवळ दोन खोल्यांत ती एकटी राहायची. सकाळी बाहेर पडताना कुलूप लावायची, ओढून बघायची. चार पावलं जायची, परत यायची, वाकून डोळा लावून बघायची. आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवायची. "एकदा हातानं, एकदा डोळ्यानं," असं ती त्यांनाही शिकवून जायची. जित्याची खोड, दुसरं काय.

तिचा लाडका म्हणजे नवाचा ताळा. ज्यांना तो माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुठल्याही आकड्यातले अंक मिळवायचे, नऊ झाले की टाकून द्यायचे, उरेल ते धरायचं. गणिताच्या दोन्ही बाजूंना तेवढंच उरलं तर गणित जुळलं. लांबलचक गुणाकार क्षणात तपासून होतो. मला तो झटकन जमला. सातवीत माझ्याइतका जलद ताळा कुणाचा नव्हता, आणि तेवढ्यापुरती मी तिच्या मर्जीत होते. मर्जी म्हणजे काय, तर फुकटची कामं.

त्या वर्षी परीक्षा संपल्या होत्या. रथाचा दिवस होता. चैत्रातल्या एकादशीला नाशकात रामाचा रथ निघतो, त्या दिवशी आमच्या घरात कुणाचे पाय जमिनीला लागत नसत. रथाला अण्णांची फुलं जायची. मी वाचनालयाची पुस्तकं परत करायला सकाळी शाळेत गेले होते, आणि अकराच्या आत बाजारात पोचले तरच अण्णांच्या फुलांच्या गाडीवर बसायला मिळणार होतं. तेवढ्यात हिची हाक, "माळ्याची धाकटी, इकडे ये."

टेबलावर दोन कागद होते. "नववीच्या गणिताचे मार्क आहेत. तुझी बहीण यात आहे, म्हणून नावं नि नंबर झाकलेत. हा कच्चा कागद, ही त्यावरून मी उतरवलेली पक्की यादी. दोनदा तपासायचं. एकदा बोट ठेवून, या आकड्यासमोर तो आकडा. आणि एकदा नवाच्या ताळ्यानं. प्रत्येक वेळेची एक हिरवी खूण." हिरवी पेन्सिल माझ्या हातात देऊन ती मुख्याध्यापिकेकडे गेली.

मी ताळा आधी केला. बेचाळीस मुलींचे मार्क. दोन्ही कागदांवर अंक मिळवत, नऊ टाकत खाली आले. इकडे पाच उरले, तिकडे पाच उरले. जुळलं! आता बोट ठेवून बेचाळीस ओळी बघायच्या. ताळा जुळल्यावर आणखी काय बघायचं, कपाळ? मी पक्क्या यादीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन हिरव्या खुणा केल्या, पट क्रमांक घातला आणि पळाले. रथ काय सुरेख दिसला त्या वर्षी. गाडीवरून तर फारच.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. ताई बाकी सगळ्या विषयांत पन्नासच्या वर, आणि गणितात चौतीस. पास व्हायला पस्तीस लागायचे.

आता ताईचं सांगते, म्हणजे त्या एका मार्काचं वजन कळेल. तिला नर्स व्हायचं होतं. घरात कुणाचं बोट कापलं की चिंधी बांधायला हीच धावायची. मॅट्रिक झाली की नर्सचं ट्रेनिंग, हे तिनं चौथीपासून ठरवलं होतं. अण्णांचा मुलींच्या शिक्षणाला विरोध नव्हता, पण अट होती. "पास व्हशील तवर शीक. ज्या दिशी नापास, त्या दिशी शाळा बंद." आणि अण्णा बोलले की बोलले.

"अण्णा, पेपर चाळीसच्या वरचा होता," ताई म्हणाली. "मी घरी येऊन मोजला होता. तीन वेळा."

"मास्तरणीपेक्षा तुला जास्ती कळतं का? लय झालं आता शिक्षण. उद्यापासून हार ओवायला बस."

ताई बसली. सुईत दोरा घालताना तिला दिसत नव्हतं, इतके डोळे सुजले होते.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन हिच्या घरी गेली. केळीच्या पानात ओंजळभर मोगरा घेतला होता. हिनं दार अर्धंच उघडलं.

"बाई, एका मार्काचा प्रश्न हाय. पोरगी रडून अर्धी झाली."

"मार्क वाढवून मिळत नाहीत."

"वाढवू नका हो. नुसता पेपर काढून एकदा बघा. ती म्हणते चाळीसच्या वर हायेत."

हिनं आईकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, आणि म्हणाली, "यादी दोनदा तपासलेली आहे. ताळा जुळलाय. पुन्हा बघायची गरज नाही."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग ती ओढून बघितल्याचा. आईनं मोगरा उंबऱ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या बाजूनं गेले. मोगरा तिथंच होता, काळा पडलेला. निदान उचलायचा तरी! तो उचलला असता तर मार्क वाढले असते का, बाई?

त्या दिवसापासून मी तिचा मनापासून द्वेष केला. मुलींच्या मुतारीच्या भिंतीवर कोळशानं तिचं नाव लिहिलं, पुढं जे लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. रोज रात्री देवाला सांगायचे, हिचं एक तरी गणित चुकू दे, सगळ्यांच्या देखत चुकू दे. आठवीत गेले तर पुन्हा हीच. मी ठरवलं, हिला माझ्यात चूक सापडू द्यायची नाही. इतकी चोख वही ठेवायला लागले की तिला म्हणे फार समाधान वाटलं. घरी ताई हार ओवत होती. दिवाळीनंतर दिंडोरीचं स्थळ आलं आणि सुपारीही फुटली.

लग्नाला आठ दिवस राहिले असतील. वर्गात जमिनीच्या क्षेत्रफळाचं गणित होतं. तेवीस गुणिले एकोणीस. उत्तर चारशे सदतीस. माझं लक्ष लग्नघरात, घाईघाईत मी सात नि तीन उलटे टाकले, चारशे त्र्याहत्तर. ताळा केला. तेवीसचे दोन नि तीन पाच. एकोणीसातला नऊ टाकला, उरला एक. पाच एके पाच. उत्तरातले चार, सात नि तीन चौदा, नऊ टाकले, पाच. जुळला. ती आली. तळहात उत्तरावर. ताळा बघितला, हात उचलला.

"चूक."

"ताळा जुळतोय, बाई," मी म्हटलं.

"चूक आहे."

"तुमचाच ताळा आहे! जुळतोय!" मी उभी राहिले. मला आतून उकळ्या फुटत होत्या. आता सापडलीस, म्हटलं.

ती चिडली नाही. माझ्याच वहीवर बोट ठेवून समजावायला लागली. "अंकांची अदलाबदल झाली ना, की नवाच्या ताळ्याला ती दिसत नाही. सात नि तीन काय, तीन नि सात काय, बेरीज एकच. तिथं तो आंधळा असतो. म्हणून तर मी दोनदा म्हणते. एकदा बोट ठेवून..."

ती थांबली. तीन नि चार सात. चार नि तीनही सात.

"बाई," मी म्हटलं, "ताईचे चौतीस."

तिनं वर्गाला पाढे लिहायला लावले आणि मला घेऊन कपाटाशी गेली. पेपर वर्षभर ठेवायची शिस्त होती तिची. गठ्ठा काढला, सुतळी सोडली, ताईचा पेपर वर आला. पहिल्या पानावर तिच्याच लाल पेन्सिलीत त्रेचाळीस. कच्च्या कागदावर त्रेचाळीस. मग तिनं पक्की यादी टेबलावर पसरली. ताईच्या नावापुढे चौतीस.

आणि तिचा डावा तळहात खाली पडला. सवयीनं उत्तरावर पडायचा तो, पण या वेळी उत्तरावर नाही. खालच्या कोपऱ्यावर. बोटांच्या फटीतून मला थोडं हिरवं दिसलं.

"यादी मी लिहिली," ती म्हणाली. "चूक माझी आहे. वर्गात जा."

इतके महिने याच क्षणाची वाट बघितली होती मी. बोट ठेवून मी एक ओळ बघितली नव्हती. एकही. आईला दारातून परत पाठवताना हिनं माझ्याकडे का बघितलं होतं, तेही तेव्हाच कळलं. माझ्या दोन खुणांच्या भरवशावर पाठवलं होतं.

त्याच संध्याकाळी ती आमच्या घरी आली. पंचवटीतून मखमलाबादपर्यंत चालत. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. हातात मुख्याध्यापिकेच्या सहीचा नवा निकाल होता. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. अण्णा खाटेवर बसले होते. तिला कुणी बस म्हटलं नाही.

"तुमची मोठी नववी पास आहे," ती उभ्यानंच म्हणाली. "त्रेचाळीस मार्क आहेत. उतरवताना माझ्याकडून चौतीस झाले. तिला दहावीत बसवा. बुडालेला अभ्यास मी रोज इथं येऊन भरून काढते."

अण्णा हसले. ते हसणं मला आवडलं नाही. "बाई, आठ दिवसांवर लगीन हाय. पत्रिका वाटल्या. आता पास झाली काय नि नापास झाली काय."

"लग्न वर्षभर पुढे ढकला."

"आन् पाव्हण्यांना काय सांगू? मास्तरणीला आकडा उतरवता येत नाय म्हणून लगीन मोडलं?" अण्णांचा आवाज चढला. "माझी बायको तुमच्या दारात उभी व्हती. मार्क वाढवा नव्हती म्हणत. नुसता बघा म्हणत व्हती!"

"हो," ती म्हणाली.

"एवढी मोठी शाळा. केलेलं काम तपासत नाय का कुणी तुमच्यात?"

मी रांजणापाशी उभी होते. हातात तांब्या होता. तिला पाणी द्यायला म्हणून भरला होता, तो तसाच धरून ठेवला. आता नाव घेणार, असं वाटून माझी पाचावर धारण बसली. अण्णांनी मला उभी चिरली असती.

"तपासलं होतं," ती म्हणाली. "मीच तपासलं होतं. चुकलं."

माझ्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. ताई दारात येऊन उभी राहिली होती, बोटं झेंडूनं पिवळी झालेली.

"बाई, किती होते?"

"त्रेचाळीस."

"मी सांगितलं होतं," ताई अण्णांना म्हणाली आणि आत गेली.

ती मग निघाली. जाताना फाटकाची कडी लावली, पण ओढून बघितली नाही. मी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं.

लग्न झालं. ताई दिंडोरीला गेली. शाळेनं परीक्षेचं सगळं काम हिच्याकडून काढून घेतलं. मार्कांच्या याद्या दुसऱ्या शिक्षिकेकडे गेल्या, आणि स्टाफरूममध्ये तिच्या ताळ्याची चेष्टा सुरू झाली. "बाई, चहात साखर घातली, ताळा करता का?" शिपाईसुद्धा हसायचा. ती चहा संपवून वर्गावर जायची. माझ्याशी होती तशीच वागली. उत्तर नको, ताळा दाखव. मला वाटायचं, कधीतरी एकटीला गाठेल, म्हणेल, "त्या खुणा तुझ्या होत्या," भिंतीकडे तोंड करून उभी करेल. दहावी होईपर्यंत मी वाट बघितली. तिनं चकार शब्द काढला नाही. सुमनला तीन तास, आणि मला काहीच नाही! याचा मला सगळ्यात जास्त राग आला. कुणी मागितले होते हे उपकार?

मी पुढे शिक्षिका झाले. मराठी शिकवते. गणिताच्या वाटेला मुद्दाम गेले नाही.

दिंडोरीला सुट्टीत जायचे. ताईच्या घरचा द्राक्षमळा. फवारणीच्या दिवसांत मोरचुदानं तिचे हात निळे झालेले असायचे. नवरा सरळ माणूस, दोन मुलं, खाऊनपिऊन सुखी. पण गावात नर्सबाई लस टोचायला आली की ताई कामधाम टाकून नुसती बघत उभी राहायची. आणि मग हमखास विषय निघायचा. "त्या सटवीनं वाटोळं केलं माझं. एक आकडा नीट लिहिता आला नाय मेलीला."

"हो ना," मी म्हणायचे.

दहा वर्षं म्हणत होते. हो ना.

मागच्या महिन्यात बाईचा भाचा माझ्या शाळेत आला. आत्या गेली म्हणाला. झोपेतच. घर आवरताना तिच्या ट्रंकेत एक पाकीट मिळालं, त्यावर माझं नाव होतं. आत दुसरं काही नाही, चिठ्ठी नाही, चपाटी नाही. नववीच्या गणिताची ती पक्की यादी, घड्या पडलेली, पिवळी. ताईच्या नावापुढच्या चौतिसावर एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता येतोय. वर लाल पेन्सिलीत त्रेचाळीस, आणि शेजारी तिची सही.

आणि खालचा उजवा कोपरा नव्हताच. फाटलेला नव्हे, कात्रीनं सरळ कापलेला. माझ्या दोन खुणा आणि माझा पट क्रमांक, तेवढाच तुकडा.

मी स्टाफरूममध्ये बसून ढसाढसा रडले, हे कबूल करते. पण रडण्याआधी मला संताप आला, तोही सांगते. रबर लावला म्हणून पोरींची पानं फाडणारी बाई ही! चूक लपवलीस तर परत येते म्हणणारी! आणि माझी चूक कात्रीनं कापून टाकते? कुणी सांगितलं होतं तुला? स्वतःची चूक जपून ठेवलीस, माझी का नाही ठेवलीस? मला एकटीलाच काय म्हणून माफी?

शाळा सुटल्यावर दुकानातून हिरवी पेन्सिल घेतली. कापलेल्या कोपऱ्याच्या वर जी मोकळी जागा होती तिथं दोन खुणा केल्या, जुना पट क्रमांक घातला, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी दिंडोरीची एसटी पकडली.

ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. संपल्यावर तिनं खुणांवर बोट ठेवलं.

"एकेक ओळ बघायची होती?"

"हो."

"आन् तू नाय बघितली."

"नाही."

"त्या वर्षी रथाला तू गेली होतीस. गाडीवर. मी घरी हार ओवत होते." ताई सुपाकडे बघत म्हणाली. "दहा वर्षं मी त्या बाईला शिव्या घालते. आन् तू शेजारी बसून हो ना म्हणतेस."

ताई उठली. मोरीवर जाऊन हात धुतले, खसाखसा, कोपरापर्यंत. आतून धुतलेलं पातळ नेसून आली. "चल."

"कुठं?"

"नाशकाला. त्यांच्या घरी. आमच्या अंगणात त्यांना कुणी पाणी बी विचारलं नव्हतं. चल, ऊठ."

"ताई, त्या गेल्या. महिना झाला."

ताई पदर खोचता खोचता थांबली. मग म्हणाली, "तुला मी माफ करीन का नाय, ते आज मला ठावं नाय. तू जा आता. पाचची गाडी चुकंल."

चहा न घेता मी निघाले. नाशकात उतरले तेव्हा उजेड होता. पाय आपोआप अशोक स्तंभाकडे वळले. दोन खोल्या बंद होत्या, दाराला भाच्यानं नवं कुलूप घातलेलं. शेजारची पोरं अंगणात गोट्या खेळत होती, त्यांनी मान वर करून बघितलं नाही. मी कुलूप ओढून बघितलं. ते नीट लागलेलं नव्हतं, उघडून हातातच आलं. मी ते दाबून लावलं, आणखी एकदा ओढलं, वाकून बघितलं, आणि घरी आले.